देवरेभाऊंचे उडते फोटो

देवरेभाऊंच्या हाती फोटो द्यावा आणि तो शहाण्या मुलासारखा जागेवर उभा राहावा, असं आजवर झालेलं नाही. तो गिरक्या घेत येतो, पुस्तकाच्या पानासारखा उलटतो, पाकळ्यांच्या पावसात भिजतो आणि जाताना चारी कोपऱ्यांनी पेट घेऊन राख होतो. एकदा नांदूरमध्यमेश्वरला चिखलात मांडी घालून बसून मी एक चमच्या पक्षी टिपला. एक पाय वर, चोच पाण्यात, चेहऱ्यावर अशी शांतता की जणू तपाला बसलाय. संध्याकाळी देवरेभाऊंच्या स्लाइड शोमध्ये तोच चमच्या कोपऱ्यातून कोलांटी मारत आला, मधोमध चेंडूसारखा दोनदा उसळला आणि शेपटीच्या बाजूनं उडून गेला. मागे ढोल-ताशा. खाली सोनेरी अक्षरांत ओळ: ‘फोटो काढला – वाघ. जिवंत केला – देवरे.’

पाठोपाठ फोन आलाच.

“वाघ भाऊ, दखा ना! बिचारा कधीचा एका पायावर उभा होता. उडवला त्याला!”

“अहो, पण तो उलटा उडाला.”

“उलटा का सुलटा, उडाला ना? भारी शे!”

देवरेभाऊंचं सिडकोत चष्म्याचं दुकान आहे. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस आनंद झाला की थेट अहिराणीत शिरतो. आणि आनंद त्यांना दिवसातून बऱ्याचदा होतो. “न हलणारा फोटो आधार कार्डावर शोभतो,” हे त्यांचं लाडकं तत्त्वज्ञान. दुकानात भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्यावर दिवसभर त्यांचे स्लाइड शो चालू. शेजारी डोळ्यांचे डॉक्टर आहेत. डोळ्यांत थेंब घातलेले पेशंट गर्दी झाली की देवरेभाऊंच्या बाकावर येऊन बसतात. त्यांना स्वतःचा हातही धड दिसत नसतो. पण देवरेभाऊ त्यांच्या शेजारी उभं राहून विचारणार, “कसं वाटलं?” आणि ते बिचारे टीव्हीच्या उलट दिशेला बघत म्हणणार, “वा! फारच सुरेख!”

आमचा हौशी फोटोग्राफरांचा एक ग्रुप आहे, ‘उजेड’ नावाचा. कुणी बँकेत, कुणी शाळेत. मी अंबडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरे अडकवून निघायचं, येताना मिसळ हाणायची, घरी येऊन फोटो टाकायचे आणि मग दिवसभर एकमेकांना अंगठे दाखवायचे, हा आमचा कलाव्यवहार. देवरेभाऊंना अंगठा चालत नाही. “अंगठा काय दाखवता? मी काय उधार मागितलं?” असं ते विचारतात. त्यांचा सहा मिनिटांचा स्लाइड शो आल्या आल्या मी एकदा ‘अप्रतिम!’ असं टाकून मोकळा झालो. लगेच फोन.

“पाहिला?”

“पाहिला की. फार सुंदर.”

“शेवटून दुसरा फोटो कोणता होता?”

मी खोकलो. ते म्हणाले, “असू द्या. पाण्याचा घोट घ्या. आता निवांत बघा, मी फोन धरून ठेवतो.” आणि खरंच धरून ठेवला.

पण हेही सांगायला हवं, की दुसऱ्याचं कौतुकही ते असंच फुरसतीनं करतात. नव्या माणसानं पहिला फोटो टाकला की त्याला फोन जाणारच. “ती पायरी आहे ना, तिच्यावर एक लिंबू पडलंय. ते तुम्ही मुद्दाम घेतलं का आपोआप आलं?” समोरच्याला आपल्या फोटोत लिंबू आहे हे तेव्हाच कळतं.

आमच्या गल्लीतल्या एका आजी गेल्या, तेव्हा तेराव्याच्या दिवशी दाखवायला देवरेभाऊंनी स्लाइड शो करून दिला. आम्ही हात जोडून बसलो. आणि पडद्यावर कैलासवासी आजी वरून टप्पा खात आल्या! सुना पदरात तोंड लपवून हसायला लागल्या, मुलगा लाल झाला. तेवढ्यात कोपऱ्यातून आजोबांचा आवाज आला, “परत लाव रे. ही स्वयंपाकघरातून अशीच यायची.” पाच-सहा वेळा लावायला लागला तो.

तर या आमच्या ग्रुपमध्ये इगतपुरीचे खातळे म्हणून एक गृहस्थ आले. तिथल्या स्टेशनावर तिकीट खिडकीवर असतात. अबोल माणूस. मोबाइलवरच फोटो काढणार. आणि इगतपुरीचा पावसाळा! खातळ्यांनी पहिला फोटो टाकला तो पांढरा. दुसरा पांढरा. तिसरा जरासा करडा. धुक्याशिवाय कशातच काही नाही. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “खातळे, झेरॉक्सचा कागद मिळाला, धन्यवाद.” सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला. खातळ्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरा फोटो.

वर्षातून एकदा आम्ही गंगापूर रोडला एक छोटा हॉल घेऊन स्लाइड शोची संध्याकाळ करतो. यंदा पुण्याहून एक नामांकित फोटोग्राफर पाहुणे म्हणून येणार होते. ग्रुपचे प्रमुख सबनीस सर, पेशानं वकील, त्यांनी नियम काढले. “फोटो उडणार नाहीत. फिरणार नाहीत. उसळणार नाहीत. जळणार नाहीत. फटाके, पाकळ्या, बदाम व ढोल-ताशा वर्ज्य.” नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण नोटीस कुणाला बजावली होती हे सगळ्या ग्रुपला कळलं.

आम्हाला वाटलं, आता देवरेभाऊ आकाशपाताळ एक करतील. त्यांनी फक्त लिहिलं, “मंजूर.” आणि गप्प झाले. स्लाइड शो नाही, फोन नाही. आधी आम्हाला हायसं वाटलं, मग करमेना. मी दुकानात डोकावलो, तर टीव्ही बंद, भाऊ कॉम्प्युटरला नाक लावून बसलेले. मला बघताच त्यांनी पडद्यावर चक्क रुमाल टाकला. सबनीस सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “हा माणूस शेवटी फटाके उडवणार. मी लॅपटॉपजवळच बसतो. एक जरी फोटो उसळला, तरी बंद करीन.”

कार्यक्रमाच्या रविवारी हॉल गच्च भरला. पाहुणे पहिल्या रांगेत. एकामागून एक शो झाले, सगळे नियमात. सूर्यास्त, घाट, सूर्यास्त, द्राक्षं, सूर्यास्त. पाहुणे सभ्यपणे टाळ्या वाजवत होते आणि सभ्यपणे घड्याळ बघत होते. मग सबनीस सरांनी नाव पुकारलं, “श्री. देवरे.” हॉलमध्ये खसखस पिकली. सरांनी बटणावर बोट ठेवलं.

दिवे गेले. पडदा पांढरा झाला.

पांढराच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, “प्रोजेक्टर गेला!” सबनीस सर वायर हलवायला उठले. आणि मग आवाज आला. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा, नुसता पावसाचा. सर अर्धवट उभे होते, तसेच थबकले.

त्या पांढऱ्यात डाव्या बाजूला काहीतरी करडं जमायला लागलं. इतकं हळू, की आपल्याच डोळ्यांत काही गेलंय असं वाटावं. “शिंगं!” एक बाई म्हणाल्या. “म्हैस आहे, म्हैस!” म्हैस पुरती उमटते न उमटते तोच विरली, आणि तिच्याच जागी एक छत्री दाटून आली. छत्रीखाली कुणी आहे का नाही, यावरून तिसऱ्या रांगेत वाद सुरू झाला. छत्री विरघळली आणि दूर कुठेतरी सिग्नलचा लाल ठिपका पेटला. अख्खा हॉल “हाऽऽ” म्हणाला. आता माणसं खुर्च्यांच्या कडेला आली होती. “माणूस! पाठमोरा!” “नाही हो, झाड!” “झाडच, पण चालतंय बघा!” पाहुणे स्वतः बोट दाखवून ओरडत होते. एकही फोटो उडाला नाही, फिरला नाही. एकातून दुसरा नुसता उमलत गेला. मीही माझ्या नकळत उभा राहिलो होतो. आणि शेवटी, सगळ्या धुक्यानंतर, एकच फोटो लख्ख उघडला: दरी, हिरवीगार भाताची खाचरं आणि त्यांतून वाकलेली माणसं. मग खाली साधी पांढरी अक्षरं: ‘फोटो – खातळे, इगतपुरी.’ बाकी काहीच नाही.

टाळ्या थांबेनात. सबनीस सर बटणावरचं बोट विसरून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते.

“हे खातळे कुठायत?” पाहुण्यांनी विचारलं.

देवरेभाऊ उड्या मारत मागच्या रांगेकडे बोट दाखवत होते. “त्या दखा! ते छत्रीवाले! उठा ना भाऊ, उठा!”

खातळे उभे राहिले. दोन्ही हातांनी छत्री घट्ट धरलेली. “मी नुसतं बटण दाबलं हो,” ते म्हणाले. “धुकं तर आमच्याकडं फुकट हाय.” लोक हसले. ते थोडे थांबले. “खरं सांगू का, मी ग्रुप सोडणारच व्हतो. पण ह्यांचा फोन यायचा. दर फोटोला यायचा. म्हनायचे, ‘डावीकडं म्हैस हाय ना?’ मी म्हनायचो, ‘हाय.’ मंग म्हनायचे, ‘मला दिसली.’ येवढंच.”

मग काय, खातळ्यांभोवती ही गर्दी! पाहुणे त्यांचा नंबर घेत होते, सबनीस सर त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होते. देवरेभाऊ लांब एका खांबाला टेकून, हातात वेफर्सची बशी धरून ते बघत होते. लग्नात मुलीच्या बापाचा होतो तसा चेहरा झाला होता. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि त्यांनाही ते जाणवलेलं दिसलं नाही.

रात्री मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला निघालो. फाटकाशी उतरल्यावर मी विचारलं, “भाऊ, एवढी मेहनत घेतलीत, स्वतःचं नावसुद्धा का नाही टाकलं?”

“टाकलं असतं तर तुम्ही माझ्याकडे बघितलं असतं,” ते म्हणाले. मग फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. “वाघ भाऊ, आमचा धंदा मोठा विचित्र. चष्मा चांगला लागला ना, की गिऱ्हाईक परत येत नाही. नंबर चुकला, काडी मोडली, नाकावर रुतला, तर येतं. भांडतं. लोकांना नीट दिसावं, हेच मी जन्मभर बघत आलो. पण ‘मला दिसतंय हो’ असं सांगायला दुकानाची पायरी आजवर कुणी चढलं नाही. म्हणून मग मी विचारत सुटतो. कटकट होते लोकांना, मला कळतं ते.”

माझ्या नाकावरचा चष्मा त्यांच्याच दुकानातला होता.

“भाऊ,” मी म्हणालो, “मला नीट दिसतंय.”

“लांबचं का जवळचं?”

“दोन्ही.”

फाटकावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी माझा चष्मा हलकेच काढला, खिशातल्या फडक्यानं दोन्ही काचा पुसल्या, उजेडासमोर धरून एकदा बघितल्या, आणि लहान मुलाला घालावा तसा, एक एक काडी कानामागे नीट बसवत, परत माझ्या डोळ्यांवर ठेवला.