यकृतातल्या गाठीबाबत सावध मत

डॉक्टर सिक्स्टेन हालग्रेन यांचा एकही अहवाल आजवर चुकीचा ठरला नव्हता, कारण कुठल्याच अहवालात त्यांनी ठाम असं काही म्हटलं नव्हतं. स्वीडनमधल्या एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाचे ते प्रमुख. मोडलेल्या हाडालाही ते 'सातत्यात खंड असल्याचा आभास' म्हणत. हाताखालची मंडळीही तशीच तयार झाली, याचा त्यांना रास्त अभिमान होता.

ऑक्टोबरात होडी पाण्याबाहेर ओढताना त्यांच्या पोटात जीवघेणी कळ आली आणि ते आपल्याच विभागाच्या सीटी यंत्रात आडवे झाले. चित्रं पाहिली इंगेगर्डने, त्यांच्या लाडक्या शिष्येने. यकृतात गाठ होती आणि शिरेतून सोडलेलं औषध गाठीबाहेर पांढरं झिरपत होतं, म्हणजे रक्त वाहतच होतं. तिने लिहिलं, 'गाठसदृश भाग. भोवती द्रव. रक्ताची शक्यता विचारात घेता येईल. एमआरआय उपयुक्त ठरू शकेल.'

एवढ्यावर मांडीतून नळी घालून रक्तवाहिनी बंद करायला ते काम करणारा डॉक्टर तूरब्योर्न तयार होईना. एमआरआय करावा, तर रक्तदाब उतरू लागलेला. तेव्हा सर्वसहमतीसाठी बैठक ठरली, आणि कॉफीआधी सहमती होत नसल्यामुळे ती कॉफीनंतर ठरली.

स्ट्रेचरवर सिक्स्टेनना दरदरून घाम फुटला होता. पडद्यावरचं आपलं यकृत पाहून ते पार घाबरले.

"अगं, सरळ लिही ना, रक्त वाहतंय म्हणून."

"मागच्या वर्षी मी तसं लिहिलं, तर तुम्हीच खोडलंत," इंगेगर्ड म्हणाली.

"तो दुसऱ्याचा पेशंट होता."

मग विभागप्रमुख या नात्याने आपणच सही करतो, असं ते म्हणाले. पण स्वतःच्या चित्रांवर स्वतः मत द्यायला नियमाने मनाई होती. तो नियम त्यांनीच केलेला. शेवटी इंगेगर्डने अहवालात भर घातली, 'रक्त वाहत असल्याचं रुग्णाचं म्हणणं आहे.'

तूरब्योर्नचा जीव भांड्यात पडला. जबाबदारी रुग्णाने घेतली होती. त्याने नळी घातली, रक्त थांबवलं, आणि सिक्स्टेन वाचले.

कामावर परतल्यावर पहिलंच चित्र एका बसचालक बाईंचं आलं. तीच गाठ, तसंच पांढरं झिरपणं. तूरब्योर्न फोनवर ताटकळत होता. सिक्स्टेननी 'रक्त वाहत आहे' असं लिहिलं, खाली आपलं नाव पाहिलं, आणि वाक्य बदलून 'रक्तसदृश द्रव' केलं.

वाचकहो, त्यांना भित्रट म्हणायला कोणाचीच हरकत नाही. फक्त तेवढं लेखी द्या, आणि खाली तुमची सही करा.