मंगळवारचे वकीलसाहेब

आप्पा पाटकरी फिरायलासुद्धा माणसं पाळीनं नेत.

नोकरीभर त्यांनी पाटाचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीनं सोडलं होतं. पेन्शनीत गेल्यावर पाणी हातचं गेलं, म्हणून ते स्वतःलाच पाळीनं सोडू लागले. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझी बदली इस्लामपूरजवळच्या त्या गावी झाली, आणि शाळेतला नवा मास्तर म्हणून माझ्या वाट्याला सोमवार आला.

एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला जुना पाट, मधून भरावावरची वाट. चढ नाही, उतार नाही. माझ्यासारख्या आळशाला डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेली. आप्पा काठीनं पाटाचं एकेक दार दाखवत आणि तिथं कोण चोरून पाणी वळवत होता, पकडल्यावर धोतर तिथंच टाकून कसा उसात पळाला, ते साभिनय सांगत. हसून माझ्या बरगड्या दुखत.

एक सोमवार मला पुरेना. मी मंगळवारही मागितला.

"आवं मास्तर, मंगळवार वकीलसाहेबांचा. इस्लामपुरास्नं फटफटीवरनं येत्यात. पाळी म्हंजी पाळी!"

"मग बुधवार?"

"सुभेदारांचा."

त्यात त्या वकिलाचं कौतुक फार. "काय चालणं त्यांचं! न्हाईतर तुमी. म्हस चिखलातनं चालल्यागत." शिवाय वकीलसाहेब म्हणे गोष्टीच्या मध्ये तोंड घालत नसत. मी आतून जळलो. घरात आरशासमोर येरझाऱ्या घालून चाल सुधारली. एका सोमवारी इस्त्रीची विजार घालून गेलो, तर आप्पांनी विचारलं, "कुटं लगीन हाय व्हय?" बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा शर्टाला बटणसुद्धा नव्हतं."

शेवटी एका मंगळवारी शाळा सुटल्यावर मी वाटेकडेच्या उसात दबा धरून बसलो. वकिलाची चाल बघायची आणि तिच्यात खोट काढायची, एवढाच उदात्त हेतू. पात्यांनी मान चिरली, बाहीत मुंगळा शिरला.

आप्पा आले. एकटेच. वाटेच्या पार कडेनं चालत होते, सावलीची बाजू मोकळी सोडून. धोतर टाकून पळालेल्याची गोष्ट रंगात आली होती. हसण्याच्या जागी ते थांबले, बाजूला पाहिलं, जरा वाट बघितली आणि पुढं निघाले.

तेवढ्यात मुंगळा चावला आणि मी ओरडत वाटेवर आलो.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग मागच्या मोकळ्या वाटेकडं.

"आज तुमची पाळी न्हाई, मास्तर," ते म्हणाले. आवाजात नेहमीचा पाटकरी नव्हता.

अडल्यानडल्या वेळी शेतकरी आपसांत पाळ्या बदलून घेतात, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. म्हटलं, "वकीलसाहेब भेटले होते. मंगळवार मला दिलाय त्यांनी."

आप्पांनी वाटेवर पडलेलं उसाचं पातं काठीनं पाटात लोटलं.

"माणूस चांगला," ते म्हणाले. मग चालू लागले, आणि चार पावलं गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुभेदार भेटलं तर त्यास्नी बी इचारून बघा."