चौथ्या पायावरील शुल्क

परदेशी खुर्च्यांवर सरकारने शंभर टक्के आयात शुल्क बसवले, ते देशातल्या सुतारांच्या भल्यासाठी. आदेशात तसे स्पष्ट लिहिलेच होते. सुतारकाकांच्या दुकानात स्वतःच्या हाताने केलेल्या अकरा खुर्च्या वर्षभर धूळ खात होत्या. त्यांनी त्या दिवशी अकराही पुसून काढल्या.

"आता बघ, लोक विचारत येतील," ते बायकोला म्हणाले.

"येऊ देत की," काकू म्हणाल्या. "पण महिनाअखेरपर्यंत तुमच्या खुर्च्यांची कमाई घरात आली नाही, तर दुकान बंद करायचं आणि माझ्या भावाच्या शोरूममध्ये कामाला जायचं. शब्द दिलाय तुम्ही."

भावाच्या शोरूममध्ये नेमक्या त्या परदेशी खुर्च्याच विकल्या जात. त्यामुळे सुतारकाकांना तो शब्द गिळता येत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता.

आदेश बारकाईने वाचायला काकांना वेळ झाला नाही. त्या परदेशी खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीकडे मात्र त्यासाठी पगारी माणसे होती. परिशिष्टात खुर्चीची व्याख्या दिली होती: 'पाठ व चार पाय असलेले आसन.' तीनच पाय असतील तर तो 'अपूर्ण लाकडी माल' ठरत होता आणि अपूर्ण मालाला शुल्क माफ होते. पंधरवड्याच्या आत मागचा डावा पाय नसलेल्या खुर्च्या बंदरात उतरल्या.

एक पाय कमी झाला म्हणजे किंमतही कमी होईल, असे ज्यांना वाटले त्यांना बाजार कळत नाही. शुल्काची बातमी सगळ्यांनी वाचलेली होती. महागाई होणार हे लोकांनी धरूनच ठेवले होते, आणि कंपनीने त्यांना निराश केले नाही.

खुर्चीचे नाव होते 'सजग आसन'. 'खुर्ची तुम्हाला सांभाळणार नाही. तुम्ही खुर्चीला सांभाळाल,' असे जाहिरातीत एक बाई हसत हसत सांगत. कंपनीचे शेअर वधारले. दोन पायांच्या खुर्चीवर संशोधन चालू आहे अशी कुजबुज झाल्यावर ते आणखी वधारले. पहिल्या आठवड्यात बरेच ग्राहक पडले, पण इतके पैसे मोजून पडलो हे कोण सांगणार? ज्यांना फारच लागले होते, त्यांनी शेजाऱ्यांकडे खुर्चीची शिफारस केली.

"भाऊजी, तुमच्या खुर्चीत खोट नाही," मेव्हणा समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण ती माणसाला आळशी करते."

"अरे, खुर्चीला दुसरं काम काय असतं?"

"हाच तर जुना विचार!"

एके दुपारी निवृत्त मास्तर गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन मागच्या दाराने आले. दार लावून घेतले.

"काका, एक पाय बसवून द्याल का? डावी मांडी भरून येते हो. जेवतानासुद्धा तोल सांभाळावा लागतो. फक्त पाय बाहेरून दिसायला नको. सूनबाईंनी मोठ्या हौसेनं आणलीय."

काकांनी पाय बसवला. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी पाच गोणपाटे उभी होती. आठवड्यात काकांना जेवायला फुरसत राहिली नाही.

"यांतली तुमची खुर्ची कुठली?" काकूंनी विचारले. "नुसते पायच जातायत." शब्द म्हणजे शब्द.

आणि मग शुल्क कार्यालयाचे तपासनीस आले. त्यांनी प्रत्येक खुर्चीचे पाय दोनदा मोजले.

"हा चौथा पाय तुम्ही बसवलात?"

"हो साहेब."

"म्हणजे अपूर्ण मालाची तुम्ही खुर्ची केलीत. परदेशी खुर्ची. परदेशी खुर्ची देशात आणणाऱ्याला आयातदार म्हणतात. परवाना दाखवा."

"अहो, मी कुठला परदेशात जातोय! ज्यांच्यासाठी शुल्क बसवलं, तो सुतार मीच."

"तुमचं संरक्षण वेगळ्या कक्षाकडे आहे," तपासनीस सहानुभूतीने म्हणाले. "आम्ही फक्त कारवाई बघतो."

तयार पाय जप्त झाले. पंचनाम्यावर सही करायला तपासनिसांना बसायचे होते. काकांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. ते बसले आणि क्षणभर त्यांचे डोळे मिटले. मग एकदम उठून त्यांनी उभ्यानेच सही केली.

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना सरकारने शुल्क मागे घेतले. देशातील सुतारांची पुरेशी प्रगती झाल्याचे पाहणीत आढळले होते. त्याच संध्याकाळी कंपनीने घोषणा केली: 'सजग आसन प्लस. आता चौथ्या पायासह.' किंमत दुप्पट.

सकाळी मेव्हण्याच्या शोरूमपासून निघालेली रांग दोन वळणे घेऊन काकांच्या दुकानाच्याही पुढे गेली होती. काकांना राहवेना. दारात येऊन ते म्हणाले, "अहो, माझ्याकडे पहिल्यापासून चार पाय आहेत! निम्म्याहून कमी किमतीत!"

"पहिल्यापासून आहेत ना, मग त्यात नवीन काय?" रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारले. बाकीचे हसले. हसणाऱ्यांत मास्तरही होते. थोड्या वेळाने तेच गृहस्थ हळूच म्हणाले, "काका, पाय भरून आले हो. नंबर लागेपर्यंत टेकायला काही मिळेल का? फुकट नको, तासाचं काय ते घ्या."

काकांनी एक खुर्ची बाहेर दिली. तासाभरात अकराही गेल्या. संध्याकाळी काकूंनी गल्ला उघडला, आत पाहिले, आणि भावाला फोन करून सांगितले, "हे काही आता यायचे नाहीत रे."

कंपनी माल मुद्दाम थोडा थोडा सोडते, त्यामुळे रांग हलते पण संपत नाही. काकांनी आणखी वीस खुर्च्या करायला घेतल्या आहेत. लोक त्यांत मागे रेलून बसतात, हातावर हात ठेवतात. कुणी डुलकीही काढतो.

"काय आराम आहे हो!" परवा एकजण म्हणाला.

"मग हीच घेऊन जा की."

"छे! ही तर नुसती बसायची आहे."

ही हकीकत वाचून हसणाऱ्यांपैकी पुष्कळांचे चेहरे सुतारकाका ओळखतात. ते कुणाची नावे सांगणार नाहीत. नंबर आल्यावर धावत सुटण्यापूर्वी आपण खुर्ची जागेवर ठेवून जावे, एवढीच त्यांची आपल्याला विनंती आहे.