नव्या प्रोसेसरवर पंधरा मिनिटं

"बाबा, पंधरा मिनिटांचं काम आहे!" शनिवारी सकाळी दहा वाजता लेकीनं जाहीर केलं. आवाज असा, की जणू आदल्या दिवशी तिनं चार उपग्रह सोडले होते आणि आज जरा विरंगुळा म्हणून बाबांचा लॅपटॉप घेतला होता.

बाबांनी एकोणीस वर्षं रोज सकाळी पुलावर जाऊन नदीची पातळी वहीत उतरवली होती. निवृत्तीनंतर ते पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले. जुनं यंत्र आलेख काढताना धापा टाकायला लागलं, म्हणून लेकीनं नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप आणला. आलेख मंगळवारपर्यंत हवाच होता, एक भांडण मिटवायला. शेजारच्या ओव्हरसियरकाकांचं म्हणणं, नदी दरवर्षी तशीच वागते. बाबांचं म्हणणं, पाणी आता आठवडाभर आधी चढतं. या एका मुद्द्यावर दोघं रोज भांडत आणि भांडण अर्धवट राहिलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटत.

पंधरा मिनिटं झाली. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"गणिताचं पॅकेज जुन्या प्रोसेसरसाठी बनवलेलं आहे म्हणतो. याला ते कळत नाही."

"मग कळेल असं दे की!"

"तेच देतेय ना, बाबा!"

तिनं पॅकेज काढलं, पुन्हा टाकलं. लाल अक्षरं. दुसरा पायथन आणला. लाल अक्षरं. शेवटी पदर खोचून तिनं ते पॅकेज मूळ कोडपासून घरीच बांधायला घेतलं. यंत्रानं फोर्ट्रान या बाबांच्या तरुणपणच्या भाषेचा कंपायलर मागितला आणि बाबा खुर्चीत सरसावून बसले.

"फोर्ट्रान? अगं, अजून आहे तो?" शाळेतला मित्र रस्त्यात भेटावा तसा त्यांचा चेहरा खुलला.

मग लाल ओळींचा असा लोंढा आला, की मित्रानं ओळख दाखवली नाही हे बाबांनाही कळलं.

दुपारी दोनपर्यंत त्या एका लॅपटॉपवर तीन पायथन नांदत होते आणि तिघी जावांसारखा त्यांचा आपसांत अबोला होता! एकाला पॅकेज दिलं, तर दुसरा म्हणे मला दिसलंच नाही.

"बाबा, तुम्ही याला हात लावला होता का?"

"छे! फक्त काल जुन्या कॉम्प्युटरवरचं पॅकेजेसचं फोल्डर पेनड्राइव्हनं आणून ठेवलं. म्हटलं, तुझे कष्ट वाचतील."

"बाबा! बिऱ्हाड हलवायला ती काय भांडीकुंडी आहेत?"

"भांडीकुंडी बरी. ती कुठल्याही स्वयंपाकघरात चालतात."

एरवी ती हसली असती. पण सकाळच्या पंधरा मिनिटांचे चार तास झाले होते आणि कुणावर तरी खापर फोडणं निकडीचं होतं.

"त्यानंच सगळं बिघडलं! तुम्हीच बिघडवलंत! आता हात लावू नका."

बाबांनी दोन्ही हात वर केले. मग ओव्हरसियरकाकांना फोन लावला. "अरे, आलेख लांबणार. माझ्याच हातून बिघडलंय. नाही रे, लेक बसलीय, ती करेल."

लेकीनं ते ऐकलं. पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

रविवारी सकाळी, वर्तमानपत्र वाचता वाचता, खुर्चीतच बाबा गेले.

महिन्याभरानं तिनं लॅपटॉप उघडला. आधी ते फोल्डर काढून टाकू म्हटलं. ते सापडलं बाबांच्या कागदपत्रांत, पार एका कोपऱ्यात, 'जुने. विचारून वापरणे' अशा नावानं. तिथे एकही पायथन फिरकला नव्हता. मग तिनं टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, सेटिंग उघडली. जुन्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम नव्यावर चालावेत म्हणून या यंत्रात एक दुभाष्या असतो. 'दुभाष्यामार्फत उघडा' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. ती तिनंच, पहिल्या पंधरा मिनिटांत, भलत्याच कामासाठी केली होती आणि विसरली होती. म्हणजे दिवसभर ती जुन्या प्रोसेसरचीच पॅकेजेस मागवत बसली होती!

खूण काढली. सगळं नव्यानं टाकलं. चार मिनिटं लागली, तीसुद्धा नेट रडत होतं म्हणून.

आलेख बघायला ओव्हरसियरकाका आले. चष्मा वर केला, खाली केला, बोटानं रेघ तपासली.

"आठवडा नाही, पाच दिवस," ते म्हणाले. आणि चष्मा खिशात ठेवत, "पण आधीच. जिंकला म्हणायचा."

आई चहा घेऊन आली. काकांनी कप घेतला.

"काय गं, त्यानं एवढं बिघडवून तरी काय ठेवलं होतं? मला म्हणाला, माझ्याच हातून..."

"काही नाही, काका" एवढं म्हणून भागलं असतं. आई कपांकडे बघत होती.

"त्यांनी काही बिघडवलं नव्हतं," लेक म्हणाली. "मी बिघडवलं, आणि वर त्यांनाच ओरडले." ती रिकाम्या खुर्चीकडे वळली. "चूक माझी होती, बाबा."