‘जातो’ म्हणणारे इनासकाका

आमच्या निर्मळ गावात निरोप घेताना कोणी “जातो” म्हणत नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा म्हणणार नाही. हिंदू असो की आम्ही ख्रिस्ती, उंबऱ्यावर “येतो” म्हणायचं. मग पुन्हा तोंड दाखवलं नाही तरी चालतं. आमचे शेजारी इनासकाका मात्र चपला सरकवून खणखणीत आवाजात म्हणत, “जातो!”

“अहो काका, येतो म्हणावं.”

“कधी?”

“कधी म्हणजे काय? नुसतं म्हणायचं.”

“यायचं नाही आणि येतो म्हणायचं? मग ते खोटं झालं.”

घ्या! कप्पाळ!

एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या मधली ही गोष्ट. काका तेव्हा पन्नाशीचे, सडेफटिंग, राजेळी केळींची वाडी सांभाळणारे. गाव घरची बोली बोले, काका शाळेच्या पुस्तकातली. कोणी “काय म्हणता?” विचारलं, तर “काही म्हणत नव्हतो” म्हणून पुढे चालू लागत. एकदा चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आमच्या हेडमास्तरांनी त्यांना सहज म्हटलं, “या एकदा जेवायला.” त्याच दुपारी बाराच्या ठोक्याला काका त्यांच्या ओट्यावर हजर! मास्तरीणबाईंची काय ती तारांबळ. पुढं मास्तर मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन स्वतः गेले, तर काका म्हणतात, “एकदा या म्हणालात. एकदा येऊन झालं.” मास्तरांनी ते गावभर केलं. माणसं पोट धरून हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

लोक हसले की काका तडक वाडीत जात. केळींच्या रांगेत उभं राहून मोठ्यानं म्हणत, “राजेळी, मुठेळी, तांबडी, वेलची, बसराई.” संपलं की पुन्हा पहिल्यापासून. गाव म्हणे, इनासला वेड लागलंय. मी एकदा विचारलंच.

“लोकांना वाटतं, त्यांचं हसणं मला लागत नाही,” काका म्हणाले. “फार लागतं. तोंडावर दिसत नाही, एवढंच. माणसं मनात एक ठेवतात, बोलतात दुसरं. मला बोललेलंच ऐकू येतं. ही नावं घेतली की उतरतं.”

त्या दिवसापासून मी हसणं सोडलं.

रोज जाऊन बसावं असं घर त्यांना गावात एकच होतं, आमचं. आईला त्यांचं भारी कौतुक. आणि तेच घर त्यांना बंद व्हायची वेळ आली.

झालं असं, आई विहिरीवर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने खाटेवर. मी दिवसभर शाळेत शिकवायला. गाव भेटून गेलं. प्रत्येकीनं खाटेपाशी म्हटलं, “येते हां गो उद्या.” त्यातली एक दुसऱ्यांदा फिरकली असेल तर शपथ! काका आले, तासभर बसले, उठले आणि आईकडे बघून म्हणाले, “जातो.”

माझ्या वारलेल्या वडिलांची बहीण, मार्थाआत्या, आईचं करायला येऊन राहिली होती. ती भडकलीच. “मेल्या, आजाऱ्याच्या उशाशी जातो म्हणतोस? जीभ झडो तुझी! या घराचा उंबरा ओलांडलास तर याद राख!”

काकांचे कान लाल झाले. चपला सरकवून निघाले. संध्याकाळभर वाडीतून केळींची नावं ऐकू येत होती. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर काका आईच्या खिडकीबाहेर स्टुलावर! स्टूल स्वतःचं, घरून आणलेलं. गजांतून एकेक सुकेळं आत देत होते. उन्हात सुकवलेलं राजेळी केळं ते, आई चघळत होती आणि कित्येक दिवसांनी हसत होती.

आत्या धावली. “तुला सांगितलं होतं ना!”

“उंबरा ओलांडू नको म्हणालात. नाही ओलांडला. खिडकीचं काही बोलला नाहीत.”

आत्यानं पुन्हा तोंड उघडलं आणि माझं डोकं फिरलं. “आत्या, येते येते म्हणणाऱ्या कुठं उलथल्या सगळ्या? हे जातो म्हणाले आणि हेच आले! काका, दारातून या.”

“ज्यांनी बंदी घातली, त्यांनी उठवायला हवी,” काका जागचे हलेनात.

तेव्हा आई खाटेवरून गरजली, “घर माझं आहे! इनास, आत ये.”

काका स्टूल घेऊन आत आले. निघायची वेळ झाली तशी आत्यानं कानांवर हात ठेवले. आई हळूच म्हणाली, “इनास, रोज बसशील का रे माझ्यापाशी? दुपार खायला उठते.”

काका चपला घालता घालता थांबले.

“मलाही,” ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, “उद्या साडेतीनला येतो.”

दुसरा दिवस रविवार, मी घरीच होते. साडेतीनला पाच कमी असताना आत्या पुटपुटत उठली. “मेला खरंच येईल.”

तिनं जाऊन दाराची कडी काढून ठेवली.