गुणवंतकाकांचं नाक

आमच्या सौंसरच्या गल्लीत कोणाला काही लागलं की तो आधी गुणवंतकाकांच्या नाकाकडे जातो, मग डॉक्टरकडे. काका पांढुर्ण्याच्या दवाखान्यात जन्मभर ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. आता रिटायर झाले, नाक मात्र ड्यूटीवर आहे. पट्टी सोडतात, वाकतात, लांब श्वास घेतात आणि निकाल देतात. "पिकून नाही राहिली. जा, जेव." एका लग्नात त्यांनी नवरदेव लंगडताना पाहिला आणि मांडवातच त्याचा मोजा उतरवला. लग्न लागलं, पण ते सोयरे अजून आमच्याशी बोलत नाहीत.

काकांची पुतणी करुणा नागपूरला संशोधन करते. सुट्टीत आली तेव्हा तिनं समजावलं, "मोठेबाबा, आमचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. जखमेतल्या जंतूंना चिकटतात. एक उजेड टाकला की चमकतात, म्हणजे जंतू आहेत. दुसरा टाकला की तेच कण जंतूंना मारतात."

"अन् लाइट गेली तं?" काकांनी विचारलं.

पण त्यानंतर ते तिला दर रविवारी फोन करू लागले. "झालं का तयार?"

"अजून उंदरांवर चालू आहे."

"मंग मले उंदीर समज ना."

हा किस्सा मी गल्लीभर सांगितला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो, याची आता लाज वाटते.

कारण एका दुपारी काका माझ्याकडे आले, दार लावलं, डावा मोजा काढला आणि पाय माझ्यासमोर धरला. "वास घे."

"मी?"

"माहं नाक त्या साथीच्या तापातच गेलं, बाबू. चहाचाही वास येत नाही."

"मग लोकांना काय सांगता?"

"डोळ्यानं पाहतो. लाली, सूज, पू, सारं दिसते. आपलाच तळपाय तेवढा दिसून नाही राहिला. अन् शुगरनं बधिर झाला, दुखतही नाही."

"मग वाकता कशाला?"

"नाक गेलं म्हणून समजलं तं कोण येईन माह्या घरी?"

काकू गेल्यापासून त्यांच्या दारात येणारे आम्ही जखमीच. मी वाकलो, श्वास घेतला.

"येऊन राहिला, काका. लय येऊन राहिला."

"पाय जाईन का बे?"

मला काय कळतं? मी करुणाला फोन लावला आणि त्यांना नागपूरच्या बसमध्ये बसवलं. पाय वाचला, करंगळी गेली. आपलं औषध वेळेत झालं नाही म्हणून करुणा खाटेशी रडत बसली.

"रडून काऊन राहिली?" काका म्हणाले. "तुह्या औषधासाठी नऊ ठेवले ना."

नाकाचं तुम्हाला सांगितलं. गल्लीत बोलू नका.

परवा विळीवर माझं बोट कापलं. फार नाही, आणि घरात पट्टीही होती. तरी मी काकांकडे गेलो. ते वाकले, लांब श्वास घेतला. मी हात तसाच धरून ठेवला, आणि मग चहाला थांबलो.