दौलतरावांचा अंगठा आणि कडू पथ्य

दौलतरावांच्या उजव्या पायाचा अंगठा कंपनीच्या बुटानं खाल्ला. पिंपरीच्या शिवारात जन्मभर अनवाणी नांगर धरलेला माणूस नव्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहिला, आणि पहारेकऱ्याला बूट हवेतच असा साहेबाचा हुकूम होता. बुटानं फोड आला, फोडाची जखम झाली आणि जखम भरायचं नाव घेईना. शेवटी कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांची लघवी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकून दिव्यावर उकळली. निळ्याचं विटेसारखं लाल झालं.

"मधुमेह आहे, दौलतराव. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही. आणि ती सडली तर अंगठा कापावा लागेल."

"अंगठा गेल्यावर मानसानं चिखलात पाय रोवायचा कसा?"

"म्हणून सांगतो. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. मेथी, कारलं खायचं तर खा, चांगलंच आहे. पुन्हा तपासू."

घरी येऊन दौलतरावांनी बायकोला एवढंच सांगितलं, "साखर बंद, कडू चालू." अंगठ्याचं बोललेच नाहीत. बाईमाणूस घाबरेल म्हणे. आपल्याकडे पुरुषाचं दुखणं असंच असतं. पथ्य शिजणार तिच्या चुलीवर, आणि तिला सांगायचं अर्धं. डॉक्टर तर पुण्याला शिकलेले. पण रोग्याला रांधून कोण घालतं, हे विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

"साखर आपल्या घरात हाय कुटं?" कौशल्याबाई म्हणाल्या. "च्या सुदिक गुळाचा."

त्या पदर खोचून कडू करायला लागल्या. मेथी दळून तिचे लाडू वळले, गूळ आणि तूप घालून. कारल्याची भाजी केली, चिंच-गुळाची. शेजारचे हिंदुराव ओट्यावर येऊन बसले. या गृहस्थांना स्वतःचा खोकला कधी बरा करता आला नाही, पण दुसऱ्याच्या रोगावर त्यांच्याकडे औषध ठरलेलं.

"जांभळाच्या बियांची पूड घे, दौल्या. मधात कालवून चाटायची. आन् बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात पानी ठिवायचं, ते सकाळी प्यायचं. साखर पळतीय बग."

पूड मधातून गेली. पेल्यातलं पाणीही सुरू झालं, पण घरच्या धन्याला नुसतं पाणी द्यायची त्या घराची रीत नव्हती. सोबत गुळाचा खडा आलाच.

पुढच्या तपासणीला नळी आधीपेक्षा लाल.

"पथ्य पाळता ना?" डॉक्टरांनी दरडावलं.

"साखरंचा कण न्हाई, डाक्टर. पोरांची आन घ्या."

"मेथी?"

"रोज खातुय."

"मग वाढवा."

मेथी वाढली. कौशल्याबाईंनी गुळाची नवी ढेप फोडली. नळी आणखी लाल झाली, अंगठा काळपट पडला आणि दौलतरावांना फाटकापर्यंत चालवेना. तेव्हा डॉक्टर सायकल मारत घरी आले. जखम बघून त्यांचा चेहरा उतरला. पण आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? कौशल्याबाईंनी बशीत लाडू ठेवला.

डॉक्टरांनी घास घेतला आणि चावायचे थांबले. "वहिनी, हे काय आहे?"

"ह्यांचं औषद. मेथीचा लाडू."

"यात गोड काय घातलंय?"

"गूळ. बिनगुळाची मेथी मानूस खातंय का जनावर?"

"अहो, गूळ म्हणजे साखरच!"

"साखर पांढरी आसती. गूळ बाळंतिनीला देत्यात. त्यो इख कसा व्हईल?"

"याच्यासाठी विषच आहे! असंच चाललं तर यांचा अंगठा कापायला पाठवावं लागेल!"

कौशल्याबाई नवऱ्याकडे वळल्या.

"अंगठा कापायचा व्हता? आन् मला ठावं न्हाई?"

"तू घाबरशील म्हून..."

"मी माज्या हातानं तुमाला इख चारत व्हते. तवा न्हाई वाटलं घाबरावं?"

एवढं बोलून त्या गप्प झाल्या, त्या गप्पच. गुळाची ढेप हिंदुरावांच्या ओट्यावर गेली. मध गेला, पूड गेली, चहा गेला. ताटात मोजकी भाकरी, पालेभाजी, ताक. भाकरी आणखी मागितली तर उत्तरच नाही. पायावर उभं राहायची मनाई, म्हणून दिवसभर बसलेल्या दौलतरावांपुढे एके सकाळी जोंधळ्याची पाटी आदळली. शेजारी जातं होतंच. समजायचं ते समजले.

"बाप्या असून दळतुयास?" हिंदुरावांनी खिडकीतून विचारलं.

"तुजी पूड घेन्यापरीस बरं."

दळून दळून दंड भरले, पोट उतरलं. कौशल्याबाई रोज कढत पाणी गार करून जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या, अगदी हळुवार, आणि एक शब्द न बोलता. दौलतरावांना जखमेपेक्षा ते जास्त लागायचं.

पुढं नळी हिरवी झाली. मग एका तपासणीला ती उकळून उकळून निळीच राहिली. जखम लालसर, ताज्या मांसानं भरत आलेली.

"अंगठा वाचला," डॉक्टर म्हणाले. "कशानं उतरली साखर?"

"बायकूच्या अबोल्यानं."

"मग तो चालू ठेवा."

"त्यापरीस अंगठा न्या, डाक्टर."

कौशल्याबाई दवाखान्याच्या दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पथ्य पहिल्यापासून सांगायला घेतलं. रोग जात नाही, पण असाच दाबून ठेवता येतो, हेही सांगितलं. त्या एकेक विचारत गेल्या.

"मध?"

"बंद."

"काकवी?"

"बंद."

"आंबा?"

डॉक्टर घुटमळले. "मोसमात एखादी फोड चालेल."

"दोन," दौलतराव कोपऱ्यातून म्हणाले.

"तुमी गप बसा," कौशल्याबाई मागे न बघता म्हणाल्या.

दौलतराव गप्प बसले. अबोला सुटला होता. डोळे पुसायला त्यांनी डोक्याचा पटका सोडला, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उकडतंय म्हणाले.